जंगलजेट्टीला सीसी कळत नाही

माझ्या फोनमध्ये ‘ठाणे साडेसहाशे’ नावाचा एक माणूस आहे. ‘डोंबिवली हिमालयन’, ‘कोल्हापूर येझ्दी’ आणि ‘चिपळूण स्प्लेंडर’ असे आणखी तिघे आहेत. अडीच वर्षं मोटारसायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर यांच्याशी जवळजवळ रोजचं बोलणं. चेन किती सैल ठेवावी, पावसाळ्याआधी कुठले टायर घालावेत, ताम्हिणीत यंदा रस्ता कुठे उखडलाय, असलं. पण चौघांपैकी एकालाही मी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये मी ‘पुणे दीडशे’, कारण माझी गाडी दीडशे सीसीची. खरी नावं कुणी विचारली नाहीत, कुणी सांगितलीही नाहीत.

डिसेंबरात शाळेतल्या शिल्लक रजा संपवायच्या होत्या. मी गणित शिकवते. ‘किनाऱ्याकिनाऱ्यानं तेरेखोलपर्यंत जाऊ या का?’ असं मी सहज विचारलं. रात्री अकरापर्यंत चारही जण तयार झाले होते. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला, “नावं काय त्यांची?” मी गाड्यांची नावं सांगितली. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

दिवस पहिला : पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे साडेपाचला चांदणी चौकात उभी होते. येझ्दी काका आदल्या रात्रीच पुण्यात नातेवाइकांकडे येऊन राहिले होते. ते दिसायच्या आधी ऐकू आले. टू-स्ट्रोकचा तो फटफट आवाज आणि मागोमाग जळक्या ऑइलचा वास. ज्यांच्या घरी एके काळी येझ्दी होती त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. मैसूरच्या कारखान्यातून शेवटची येझ्दी १९९६ साली बाहेर पडली, म्हणजे काकांची गाडी माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा वयानं दुप्पट. हेल्मेट काढल्यावर आत पांढऱ्या मिशांचा साठीचा माणूस निघाला.

“नमस्कार मॅडम. लै उशीर न्हाई ना झाला?”

मॅडम. शाळेत दिवसभर मॅडम, सोसायटीत मॅडम, आता इथेही. पण पहिल्याच भेटीत काय बोलणार? मीही “नाही नाही, या ना” म्हणून मोकळी झाले.

ताम्हिणी घाट हा सकाळच्या उन्हात चालवायचा रस्ता आहे. मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं. घाटमाथ्यानंतर गारवा एकदम सुटतो आणि कोकणातली दमट हवा जॅकेटच्या गळ्यातून आत शिरते. काका पुढे, मी मागे. उजवीकडे खड्डा आला की ते उजवा पाय बाहेर काढून दाखवायचे, डावीकडे असला की डावा. ही खूण कुणी कुणाला शिकवत नाही, दोन-चार जणांबरोबर फिरलं की आपोआप येते. निजामपुरापर्यंत मी त्यांच्या बुटांच्या टाचा बघूनच गाडी चालवली. तोवर माझ्या जॅकेटला ऑइलचा असा वास लागला की तो पुढे सहा दिवस गेला नाही.

माणगावला मुंबईकर भेटले. एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे ते वर्षानुवर्षं काम चाललेल्या गोवा हायवेनं, पेण-वडखळ करत धुळीनं पांढरे होऊन आले होते. आम्ही एकमेकांना गाड्यांवरून ओळखलं. आधी गाडीकडे बघायचं, मग नंबरप्लेटकडे, मग माणसाकडे. ‘साडेसहाशे’ रोज सकाळी सगळ्यांची टिंगल करणारा, तोंडाचा फाटका माणूस. मला वाटलेलं, चांगला धिप्पाड असेल. निघाला माझ्या खांद्याएवढा, अंगभर महागडं जॅकेट, गुडघ्याला पॅड, हेल्मेटवर कॅमेरा, आणि इतका लाजाळू की पोहे संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. ‘हिमालयन’ मात्र जसा वाटला होता तसाच: नकाशा, तीन पॉवरबँका, आणि कुठे किती मिनिटं थांबायचं त्याचा कागद.

कागदावर एक नियम होता तो चांगला होता. फाटा आला की वळणाऱ्यानं तिथेच थांबायचं, मागचा आरशात दिसेपर्यंत. मागचा दिसला की मगच पुढे. म्हणजे कुणी कुणाला शोधत फिरायला नको, प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्या एकाची काळजी घ्यायची. दुसरा नियम, रात्री गाडीची किल्ली खिशात गेल्याशिवाय कुणी ग्लास हातात धरायचा नाही. शेपूट म्हणून सर्वांत मागे कोण, हा प्रश्न वासानं सोडवला. येझ्दीच्या मागे राहायला कुणीच तयार नव्हतं.

म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. रात्री एका घरगुती खानावळीत उकडीचे मोदक, आणि त्यावर तूप सोडता सोडता चेनवर वाद. चेनला घालायला नव्वद नंबरचं गिअर ऑइल की डब्यातला स्प्रे? या प्रश्नावर अडीच वर्षं भांडण चालू आहे, आता पहिल्यांदाच समोरासमोर. गंमत म्हणजे समोरासमोर आल्यावर सगळे फार सभ्य झाले. “तुमचंही बरोबर आहे.” “नाही, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे.” मोबाईलवर जो मला ‘स्प्रेवाली बाई’ म्हणायचा तो मला “मॅडम, मोदक घ्या ना अजून” म्हणत होता. मला झोपताना जरा निराशच वाटलं.

दिवस दुसरा : हरिहरेश्वर ते गुहागर

सकाळी ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणा करून घेतली. समुद्रानं खडक असे कोरलेत की मधमाश्यांचं पोळं वाटावं. भरतीच्या वेळी त्या वाटेला जाऊ नये, पायऱ्यांवरच पाटी आहे आणि ती लाटांनी कमावलेली आहे.

मग बागमांडला. इथे सावित्रीच्या खाडीवर पूल नाही, पलीकडे वेश्वीला जायचं तर फेरीबोट. इथले लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. सपाट पोटाची बोट, पुढे उघडणारा लोखंडी पाट, त्यावरून ट्रक, जीप, एसटीतून उतरलेल्या म्हाताऱ्या, कोंबड्या आणि आम्ही. आधी मोठ्या गाड्या लावतात, मग उरलेल्या फटींत दुचाक्या कोंबतात.

ओहोटीमुळे उतार तीव्र होता आणि काँक्रीटवर शेवाळ. मी पहिला गिअर टाकून हळूच उतरले, बोटीवर चढले, स्टँड लावला आणि तिकिटासाठी पैसे काढायला गाडी सोडली. न्यूट्रलमध्ये. बोट हलली, गाडी स्टँडवरून पुढे सरकायला लागली, आणि पलीकडे एका नव्याकोऱ्या गाडीचा दरवाजा.

“अगं ए! गिअर टाक, गाडी चाललीय तुझी!”

येझ्दी काका. दोन ढांगांत येऊन त्यांनी हँडल धरलं. गाडी थांबली, दरवाजा वाचला. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. चेहरा उतरला. “माफ करा हं मॅडम, घाईत तोंडातून निघून गेलं.”

मी म्हटलं, “काका, आता मॅडम म्हणालात तर मी ही गाडी खाडीत सोडीन.”

साडेसहाशे पहिल्यांदाच हसला. जोरात, मोबाईलवर हसतो तसा.

आपल्या भाषेत ही एक सोय आहे बघा. गाडी घसरत असताना “अहो मॅडम, कृपया गिअर टाका” असं म्हणायला वेळच नसतो. अहो-जाहो संकटात टिकत नाही, आणि एकदा सुटलं की पुन्हा लावायला दोघांनाही जड जातं. अर्थात हे एकाच बाजूनं होतं. मी काकांना “अरे येझ्दी” म्हणू शकले नाही, शेवटपर्यंत नाही. ते साठीचे आणि मी त्रेचाळीसची. पण साडेसहाशेला मी वेश्वीचा धक्का यायच्या आत अरे-तुरे करायला लागले होते.

बोटीवर आणखी एक गोष्ट दिसली. तिकीट दुचाकीचं एकच. साडेसहाशे सीसीला वेगळं नाही, दीडशेला वेगळं नाही. आणि बोटीवरची पोरं जमली ती मोठ्या गाडीभोवती नव्हे, येझ्दीभोवती. “काका, किक कुठाय?” काकांनी गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला, तीच किक. पोरं चाट. काकांनी मग तीन वेळा करून दाखवलं, खरं तर चार.

वेश्वीनंतर बाणकोटचा किल्ला, मग नाना फडणविसांचं वेळास. कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचा हंगाम अजून दूर होता, त्यामुळे गावात शांतता आणि आम्ही. केळशी, आडे, आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहिलं की खाली समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. तिथून हिमालयननं पहिल्यांदा कागद खिशात घातला आणि अर्धा तास नुसता बसून राहिला. हर्णैला मासळीच्या लिलावाची वेळ नव्हती. पुढे कर्दे, लाडघर, बुरोंडी. समुद्र उजव्या हाताला येतो, जातो, पुन्हा येतो. या रस्त्याला सरळ असं काही नाही. साडेसहाशेच्या गाडीला चौथ्या गिअरच्या वर जायची संधीच मिळेना. तो कुरकुरला तेव्हा काका म्हणाले, “तुझी गाडी हायवेची, रस्ता बैलगाडीचा. रस्त्याचं ऐक की.”

दाभोळला दुसरी जेट्टी, वाशिष्ठीच्या मुखावर. पलीकडे धोपावे. बोट अर्ध्या पाण्यात आली तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर एक स्प्लेंडर दिसली. शेजारी एक माणूस, अंगात जॅकेट म्हणून पावसाळी कोट, हातात स्टीलचा डबा. तो हात हलवत नव्हता, नुसता उभा होता. चिपळूणहून आला होता, पाऊण तास थांबला होता. डब्यात घरची घावणं आणि ओल्या नारळाची चटणी. धक्क्यावरच, सीटवर डबा ठेवून पाच जणांनी तो संपवला.

आमच्यातला सर्वांत जास्त माहीतगार हाच. कार्ब्युरेटर, टायमिंग, बेअरिंग, काहीही विचारा, दोन ओळींत उत्तर. मला वाटत होतं गॅरेज असेल. म्हटलं तर म्हणाला, “नाय, पोस्टात आहे. स्प्लेंडर आहे म्हणून शिकलो. सत्त्याण्णव सीसीला कुणी गॅरेजवाला वेळ देत नाय.”

या खाड्यांवर आता पूल येणार आहेत. रेवस ते रेडी सागरी मार्ग, बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न. बागमांडला, केळशी, दाभोळ, जयगड, सगळीकडे पुलांची आखणी झाली आहे. आजारी माणसाला रात्री अकराला पलीकडे न्यायचं असतं त्या घरासाठी पूल हवाच, त्यात वादच नाही. पण पूल आला की आम्ही पाचही जण पाच वेगांनी तो पार करू आणि पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत एकमेकांचं तोंड दिसणार नाही. हेल्मेटमध्ये माणूस एकटाच असतो. आमची ओळख झाली ती चाकं थांबली तेव्हा.

दिवस तिसरा : गुहागर ते… गणपतीपुळे

कागदावर लिहिलं होतं, ‘दुपारी रत्नागिरी, मुक्काम पावस’.

आधी एक कबुली. निघायच्या आठवड्यात धायरीतल्या माझ्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, “क्लच वायरीच्या दोन-तीन तारा सुटल्यात, बदलून टाका.” मी म्हटलं, आल्यावर बघू. गणिताच्या बाईला असं वागणं शोभत नाही.

हेदवीच्या पुढे चढावर, वळणावर, गिअर बदलायला क्लच दाबला आणि हातात नुसता दांडा आला. ढिला, पोकळ. गाडी आचके देऊन बंद पडली. मागून येणारा स्प्लेंडर थांबला, त्याच्या मागे येझ्दी. हिमालयन आणि साडेसहाशे पुढे गेले होते, पण पुढच्या फाट्यावर आरशात कुणी दिसेना म्हणून पाच मिनिटांत उलटे आले. नियम कागदावरचा होता, पण चालला.

सगळ्यांना वाटत होतं, बंद पडली तर येझ्दी पडेल. काकांनी त्यासाठी प्लग, पॉइंट, वायरी, अर्धं दुकान आणलं होतं. माझ्या गाडीची क्लच वायर अर्थातच नव्हती. काकांनी एक प्लास्टिकची पट्टी काढली, घरच्या वायरिंगमध्ये असतो तो कनेक्टर. त्यातला पितळी तुकडा सोडवून तुटलेल्या टोकावर स्क्रूनं आवळला, म्हणजे दांड्यात अडकणारा गोळा तयार. “बघ, आता कन्याकुमारीला जा.” मी दांडा दाबला. एकदा चाललं, दुसऱ्यांदा चाललं, तिसऱ्यांदा पितळ सटकून गवतात गेलं. कन्याकुमारी तिथेच संपली.

स्प्लेंडरनं तोवर गाडी वळवली होती. “शृंगारतळीला मिळेल,” एवढंच म्हणाला आणि गेला.

उतारावरून माझी गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत खाली हेदवीत आली. सपाटी लागल्यावर साडेसहाशेनं त्याचा महागडा बूट माझ्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला लावला आणि मला ढकलत मंदिराच्या रस्त्यापर्यंत नेलं. मध्ये दोनदा मी मागे वळून बघितलं, तर त्याची नजर रस्त्यावर नव्हती, बुटावर होती.

दीड तास काय करायचं? दशभुजा गणपती झाला. मग बामणघळ बघायला किनाऱ्यावर गेलो. खडकात एक अरुंद भेग आहे, भरतीच्या लाटा तिच्यात घुसतात आणि पाणी तोफेसारखं वर उडतं. भरती चढत होती. आम्ही लांबच उभे राहिलो. पाणी उडालं की पाच-सहा सेकंद कुणी बोलत नसे, मग पुन्हा चेनचा वाद. इथे मात्र सभ्यता संपली होती. “तुझ्या स्प्रेमध्ये आहे काय? सुगंध!” “आणि तुझ्या ऑइलमध्ये? सगळ्या कोकणची वाळू!” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. अडीच वर्षं जी भांडणं वाचली, ती आता आवाजासकट.

जवळच्या घरातल्या आजींनी कोकम सरबत दिलं. त्यांनी आमची नीट पाहणी केली, मग मला बाजूला घेतलं. “गो बाय, यातलो तुझो कोण?” मी म्हटलं, कुणीच नाही. “मग?” म्हटलं, आम्ही गाड्यांमुळे ओळखतो. आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे वारकऱ्यांसारखा.” मी हो म्हटलं. उत्तर माझ्यापेक्षा त्यांचं चांगलं होतं.

स्प्लेंडर परत आला तेव्हा शर्टाच्या आत पाठीला वायर गुंडाळलेली होती. त्यानं एक युक्ती केली, ती सांगण्यासारखी आहे. जुनी वायर उपसून टाकली नाही. नव्या वायरीचं टोक जुनीच्या टोकाला सुतळीनं बांधलं आणि दुसऱ्या बाजूनं जुनी हळूहळू ओढत गेला. जुनी बाहेर, नवी तिच्याच वाटेनं आत, टाकीखालून, चासीच्या वळणातून, बरोबर जिथल्या तिथे. दहा-बाराच्या पान्यानं ताण लावला, दांड्याला दोन-तीन मिलीमीटर सैलपणा ठेवला. “ताई, दाबून बघ.”

ताई. आणि ‘बघ’. मी दाबून बघितलं. लोण्यासारखा.

“किती झाले?” विचारलं तर म्हणाला, “बघू नंतर.”

तवसाळच्या जेट्टीला पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. शास्त्री नदीचं मुख, पलीकडे जयगड. एक बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. पुढचीची वाट बघत धक्क्यावर बसलो, पाय पाण्याकडे सोडून. कुणी काहीच म्हणालं नाही. माझ्यामुळे चार तास गेले होते, थिबा राजवाडा गेला, पावस गेलं, आगाऊ भरलेले मुक्कामाचे पैसे गेले. मी ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं तर हिमालयननं खिशातला कागद काढला, ‘पावस’वर काट मारली, ‘गणपतीपुळे’ लिहिलं आणि विचारलं, “बरोबर आहे ना स्पेलिंग, मॅडम?”

आता ‘मॅडम’ शिवी म्हणून वापरायला लागले होते.

दिवस चौथा : गणपतीपुळे ते मालवण

कालचं राहिलेलं अंतर आज भरून काढायचं होतं, म्हणून थांबलो कमी. आरे-वारेचा रस्ता उंचावरून समुद्राला बिलगून जातो, तिथे थांबलो नाही असा दुचाकीवाला अजून जन्मायचाय. रत्नागिरीत पेट्रोल. काकांनी बाटलीतून टू-टी ऑइल मोजून टाकीत ओतलं आणि गाडी डावी-उजवीकडे हलवून ते घोळलं. पंपावरचा पोरगा बघतच राहिला. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, आडिवरे. आडिवऱ्यात महाकालीपुढे पाच मिनिटं.

जैतापूरच्या अलीकडे हिमालयनच्या नकाशानं आम्हाला एका आमराईतून खाली नेलं. रस्ता लहान होत गेला, मग पायवाट झाली, मग खाडी आली. समोर पाणी, पलीकडे रस्ता दिसतोय, मध्ये एक होडी आणि होडीत झोपलेला माणूस. तो उठला, पाच गाड्यांकडे बघितलं आणि पुन्हा झोपला. हिमालयन पुढचे दोन तास एक शब्द बोलला नाही. आम्हीही चिडवलं नाही. म्हणजे त्या दिवशी नाही.

देवगड मागे पडेपर्यंत अंधार झाला. माझ्या गाडीचा दिवा म्हणजे देवघरातली समई. रस्ता अनोळखी, वळणावळणाचा, मध्येच झोपलेली गुरं. आचऱ्याच्या आधी लक्षात आलं की माझ्यापुढचा रस्ता दिवसासारखा उजळलाय. आरशात पाहिलं. साडेसहाशे माझ्या मागे, जरा उजवीकडे सरकून, माझी सावली पुढे पडणार नाही अशा बेतानं चालवत होता. मी हळू झाले की तो हळू. मालवणपर्यंत त्यानं मला एकदाही ओलांडलं नाही. त्या गाडीला चाळीसच्या वेगानं चालवणं म्हणजे तापलेल्या घोड्याला लगाम ओढून धरणं. जेवताना मी विषय काढला तर म्हणाला, “हा? नाय, मला झोप येत होती म्हणून हळू चालवत होतो.” आणि सुरमईत तोंड घातलं.

दिवस पाचवा : मालवण, तेरेखोल, आंबोली

सकाळी सिंधुदुर्ग फक्त लांबून पाहिला. किल्ल्यात जाणाऱ्या बोटीत गाड्या नेता येत नाहीत, आणि गाड्या सोडून जायला कुणी तयार नव्हतं. मूर्खपणा आहे, मान्य.

कर्लीची खाडी ओलांडून परुळे, वेंगुर्ले, मग शिरोडा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हे शिरोडं. रेडीचा गणपती, आणि मग रस्ता एका डोंगराला वळसा घालतो आणि तेरेखोल नदी न ओलांडताच गोवा येतो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला, आपल्या बाजूला, पण गोव्याचा. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी इथे तिरंगा चढवला होता.

इथपर्यंतच यायचं ठरलं होतं. गोव्यात काही काम नव्हतं. किल्ल्याखाली केरीला जाणारी फेरीबोट उभी होती. आम्ही पाचही जण तिच्याकडे बघत होतो.

“पलीकडे काय आहे?” काकांनी विचारलं.

“केरी.”

“काम काय?”

“काहीच नाही.”

“मग चला की.”

पाच गाड्या चढवल्या, पलीकडे गेलो, उतरलो, गाड्या वळवल्या आणि त्याच बोटीनं परत आलो. बोटीवरच्या माणसानं विचारलं, काही विसरलं का? स्प्लेंडर म्हणाला, “नाय, असंच.” या वेळी मी गिअर टाकून ठेवला होता. तरी येताना-जाताना चौघांनीही एकदा वाकून खात्री करून घेतली.

सावंतवाडीला स्प्लेंडर वेगळा झाला. त्याला हायवेनं चिपळूण गाठायचं होतं, दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायचं होतं. निरोपाला कुणी मिठी वगैरे मारली नाही. त्यानं पाचही गाड्यांच्या चेनवरून बोट फिरवलं, माझ्या चेनवरचा स्प्रे वाळूनं काळा झालेला दाखवला आणि म्हणाला, “आता तरी ऑइल घाल.” मग हेल्मेट घातलं.

आंबोलीच्या घाटात शेपटीला येझ्दी होती, तरी मी फाट्याफाट्यावर आरशात पाचवा दिवा शोधत होते. रात्री एवढी थंडी की साडेसहाशेचं महागडं जॅकेट आळीपाळीनं सगळ्यांनी घातलं.

दिवस सहावा : आंबोली ते पुणे

आजरा, उत्तूर, निपाणी, आणि मग चौपदरी हायवे. पाच दिवसांनी सरळ रस्ता लागल्यावर साडेसहाशे सुटला तो कागलला चहाच्या टपरीवरच सापडला. चेहऱ्यावर समाधान, ग्लास संपलेला.

कोल्हापुरात काकांनी सक्तीनं घरी नेलं. दार उघडायच्या आधीच तांबड्या रश्श्याचा वास जिन्यात. काकू बाहेर आल्या, आम्हा तिघांकडे बघितलं आणि थेट माझ्याकडे वळल्या, “तुम्हीच दीडशे होय? आणि वायर बसली का नीट?”

त्यांना सगळं माहीत होतं. साडेसहाशेला त्यांनी बुटाचं विचारलं, हिमालयनला विचारलं, “खाडीतनं वर आलासा न्हवं?” काका मिशीत हसत पांढरा रस्सा वाढत होते. मला वाटलं, आता काकांचं खरं नाव कळणार. काकू हाक मारतील, कळेल. काकू आतून ओरडल्या, “अहो, भाकरी नेता का?”

सहा दिवसांत एवढं एकच अहो जागेवर राहिलेलं.

त्यानंतरचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. सातारा, खंबाटकी, धूळ, ट्रक, कात्रजच्या अलीकडची गर्दी. नवले पुलापाशी मुंबईकर पुढे गेले, मी धायरीकडे वळले. वळून कडेला थांबले, आरशात बघितलं, मग लक्षात आलं की आता मागे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन वाजला. चिपळूण स्प्लेंडर. एक क्यूआर कोड आणि खाली एक ओळ : ‘वायरीचे दीडशे झाले. दीडशेला दीडशे. विसरू नको.’

स्टाफरूममध्ये एकटीच हसले. कोड उघडला, रक्कम घातली. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर ठळक अक्षरांत त्याचं नाव आलं. स्वतःचं, वडलांचं, आडनाव, सगळं. मी ते वाचलं. पिन टाकला. फोनमध्ये अजून ‘चिपळूण स्प्लेंडर’च आहे.